‘मेल्या’ हा माझा शब्द

रक्तपेढीत कामाला लागून मला २७ वर्षं होत आली. त्यातली बहुतेक वर्षं मी एक वाक्य शिकवत आले: प्लेटलेट फ्रिजमध्ये गेली की मेली. डीएमएलटीच्या मुलांना शिकवलं, नव्या टेक्निशियनना शिकवलं, नातेवाइकांना काउंटरच्या खिडकीतून आवाज चढवून सांगितलं. त्या वाक्यातली सूचना आजही पाळायचीच आहे. पण ‘मेली’ हा शब्द खोटा आहे, आणि त्या शब्दाच्या भरात मी एका माणसाला जे बोलले ते मला परत घेता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगते. शिबिरातून रक्ताची पिशवी आली की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तिचे भाग वेगळे होतात. लाल पेशी २ ते ६ अंशांच्या फ्रिजमध्ये जातात, योग्य द्रावणात त्या ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांत गोठवला की वर्षभर चालतो. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तबिंबिका, यांचं मात्र सगळंच वेगळं. त्यांना २० ते २४ अंश लागतात, आणि सतत हलत्या फळ्यांवर निजवावं लागतं. आयुष्य ५ दिवस. त्यातला पहिला दिवस एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, मलेरिया यांच्या चाचण्यांतच जातो.

आमच्या अ‍ॅजिटेटरच्या फळ्या मिनिटाला ६०-७० वेळा मागेपुढे सरकतात. रात्रपाळीला बाकी सगळं शांत झालं की तेवढाच आवाज राहतो. वीज गेली आणि इन्व्हर्टर लगेच लागला नाही तर तो आवाज थांबतो, आणि झोपेतला माणूससुद्धा दचकून उठतो.

प्लेटलेटची पिशवी देण्याआधी आम्ही ती ट्यूबलाइटसमोर धरतो आणि हलकेच दाबतो. प्लेटलेट्स निरोगी असतील तर त्या पिवळट पाण्यात एक झळाळी फिरते. धूपछाँव रेशीम उजेडात हलवल्यावर रंग सरकतो ना, तशी. त्याला आम्ही स्वर्लिंग म्हणतो. निवांत प्लेटलेट थाळीसारखी चपटी असते, लाखोंच्या संख्येनं त्या थाळ्या उजेडात वळतात म्हणून ती झळाळी. थंडी लागली की थाळी गोल होते, तिला सराट्यासारखे काटे फुटतात आणि झळाळी जाते. मी हे हजारो वेळा पाहिलं आहे. थंड पिशवी उजेडापुढे धरली की नुसतं मंद, मुकं पाणी दिसतं. डोळ्यांनी पाहिलेलं होतं, म्हणून ‘मेली’ हा शब्द मला कधी खटकला नाही.

२०१२ चा श्रावण होता. आमच्यापासून तीन तासांवरच्या एका रुग्णालयातून संध्याकाळी फोन आला. बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं, प्लेटलेट्सही उतरल्या होत्या. बाईचा भाऊ जीप करून निघाला होता. आम्ही त्याला लाल पेशींच्या पिशव्या बर्फाच्या डब्यात दिल्या आणि प्लेटलेटच्या चार पिशव्या वेगळ्या कापडी पिशवीत. वर चिठ्ठी लावली, तोंडी सांगितलं, सही घेतली. बर्फात ठेवायच्या नाहीत.

तीन तासांनी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. “मॅडम, प्लेटलेट्स बर्फाच्या डब्यातच आल्यात. गार आहेत. देऊ का?”

मी क्षणभरही विचार केला नाही. “नको डॉक्टर, मेल्या त्या. टाकून द्या. मी दुसऱ्या पाठवते.”

दुसऱ्या पोचायला पहाट झाली. बाई वाचली, पण तोवर गर्भाशय काढावं लागलं होतं. त्या चार पिशव्या दिल्या असत्या तर ते टळलं असतं असं मी म्हणणार नाही. अशा रक्तस्रावात किती गोष्टी एकाच वेळी बिघडतात हे मला ठाऊक आहे. शिवाय बर्फाला चिकटून आलेली, कुठे किती गारठली ते न कळणारी पिशवी मी आजही देऊ देणार नाही.

बोचतं ते वेगळं. दोन दिवसांनी तिचा भाऊ बदली रक्तदान करायला आला. पंचविशीचा असेल. रक्त देऊन झालं, हातात बिस्किटाचा पुडा होता. म्हणाला, “ताई, गार राहिल्या तर खराब होणार नाहीत असं वाटलं. दूध नाही का आपण गार ठेवत.” आणि मी म्हणाले, “चिठ्ठी वाचायची होती. तुमच्या हातानं मेल्या त्या.”

तो काही बोलला नाही. पुडा तसाच टेबलावर ठेवून गेला. मला तेव्हा वाटलं होतं की मी नियम समजावला.

यानंतर जवळपास दहा वर्षं मी तोच नियम त्याच शब्दांत शिकवला. मग एका बॅचमधल्या मुलीनं विचारलं, “मॅडम, मेली म्हणजे काय? तिच्यानं गुठळीच होत नाही का?” मी “नाही” म्हणून टाकलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. घरी जाताना ते ‘नाही’ सोबत आलं. मी हे कधी तपासलं होतं? कुणाच्या हातून तपासलेलं पाहिलं होतं? नव्हतं पाहिलं. मी फक्त झळाळी गेलेली पाहिली होती.

मुदत संपलेली एक पिशवी टाकून देण्यासाठी बाजूला काढलेली होती. रुग्णाशी तिचा संबंध उरला नव्हता. तिचे दोन भाग केले. एक अ‍ॅजिटेटरच्या कोपऱ्यात ‘देऊ नये’ असं लाल शाईनं लिहून ठेवला, दुसरा फ्रिजमध्ये. चार दिवसांनी दोन्हींतलं थोडं थोडं काचेच्या नळ्यांत घेतलं, रक्त गोठण्याची वेळ मोजणाऱ्या एपीटीटी चाचणीच्या किटमधलं कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि नळ्या ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये उभ्या केल्या. कॅल्शियम मिळालं की प्लाझ्मा गोठतो, ते दोन्ही नळ्यांत झालं. खरी परीक्षा त्यापुढची. गुठळी आकसायला हवी, कारण आकसण्याचं काम प्लेटलेटचं. तिनं आतून धागे ओढले तरच गुठळी घट्ट होते.

तासाभरानं मी नळ्या बाहेर काढल्या. बाहेरच्या तापमानातल्या भागाची गुठळी सैल, काचेला धरून होती. फ्रिजमधली काचेपासून सुटली होती. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, घट्ट, भोवती पिवळं स्वच्छ पाणी. मी नळी तिरपी केली तर ती आतल्या आत सरकली. जिला मी दोन दशकं मेलेली म्हणत होते तिनं हे केलं होतं.

एका पिशवीवरून काही सिद्ध होत नाही, हे मुलांना मीच शिकवते. पण त्या मुलीला मी दिलेलं उत्तर खोटं होतं एवढं त्या नळीत दिसत होतं. मग मी वाचायला बसले. या वयात इंग्रजी शोधनिबंध वाचताना दमछाक होते, तरी वाचले. आणि एक गोष्ट कळली जी आमच्या पाठ्यपुस्तकात कधी नीट सांगितलीच नव्हती.

१९६० च्या दशकात अमेरिकेत प्लेटलेट्स लाल पेशींप्रमाणे थंडच ठेवत. १९६९ मध्ये फिलाडेल्फियातल्या स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी निरोगी माणसांच्या प्लेटलेट्सना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावली, काही ४ अंशांना ठेवल्या, काही २२ अंशांना, आणि त्याच माणसांना परत चढवल्या. थंड ठेवलेल्या प्लेटलेट्सचं अर्धायुष्य रक्तात सव्वा दिवसाच्या आसपास भरलं, बाहेर ठेवलेल्यांचं जवळपास चार दिवस. हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला आणि जगातल्या रक्तपेढ्यांनी हळूहळू प्लेटलेट्स फ्रिजबाहेर काढल्या. आमच्या हलत्या फळ्यांचं मूळ तिथे आहे.

प्रयोग चोख होता. पण त्यानं मोजलं काय? प्लेटलेट शरीरात किती दिवस फिरते ते. ती रक्त थांबवते का, हे त्यानं मोजलंच नव्हतं. ते मोजणारेही होते. बोस्टनच्या नौदलाच्या रक्तसंशोधन प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट व्हॅलेरी यांनी १९७४ मध्ये अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही प्रकारच्या प्लेटलेट्स दिल्या. थंड प्लेटलेट्सनी लांबलेला रक्तस्राव लगेच सुधारला, बाहेर ठेवलेल्यांना वेळ लागला. माझा स्वतःचा समज असा झाला आहे की त्या काळी केमोथेरपी वाढत होती, ल्युकेमियाच्या रुग्णांना दिवसेंदिवस रक्तात फिरणाऱ्या प्लेटलेट्स हव्या होत्या, म्हणून टिकण्याचं माप जिंकलं. ते त्या रुग्णांसाठी योग्यच होतं. चूक झाली ती एवढीच की एका रुग्णाचं माप सगळ्या रुग्णांना लावलं गेलं. आमच्यापर्यंत येईतो त्याचं ‘मेली’ झालं.

बाहेर ठेवण्याची किंमतही थोडी नाही. २२ अंशांत प्लेटलेट सुखी असते, तसे जंतूही सुखी असतात. रक्तदात्याच्या त्वचेवरचा एखादा जंतू सुईबरोबर पिशवीत गेला तर फ्रिजमध्ये तो बहुधा वाढत नाही, आमच्या फळीवर वाढतो. अमेरिकेनं १९८४ मध्ये मुदत ७ दिवस केली होती, जंतुसंसर्गामुळे १९८६ मध्ये ती पुन्हा ५ वर आणली. २००४ पासून तिथल्या रक्तपेढ्यांना प्लेटलेट्सची जंतुतपासणी करणं भाग पडलं. मी जेव्हा मुलांना ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं सांगायचे तेव्हा ही बाजू एका ओळीत उरकायचे.

थंड प्लेटलेट रक्तातून इतक्या लवकर का नाहीशी होते, याचा उलगडा व्हायला २००३ उजाडलं. बोस्टनच्या कारिन हॉफमाइस्टर, जॉन हार्टविग आणि थॉमस स्टॉसेल यांच्या गटानं दाखवलं की थंडीनं प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे काही ग्राहक प्रथिनं (रिसेप्टर) गोळा होऊन पुंजके करतात, आणि यकृतातल्या भक्षक पेशी ते पुंजके ओळखून तिला गिळतात. पुढे कळलं की जास्त दिवस थंड राहिली तर तिच्या साखरसाखळ्यांची टोकं झडतात आणि मग यकृताच्या स्वतःच्या पेशीही तिला उचलतात. म्हणजे ती मेलेली नसते. तिच्यावर ‘उचला’ अशी खूण पडलेली असते, एवढंच.

याच गटानं ती उघडी पडलेली टोकं दुसऱ्या साखरेनं झाकून पाहिली. उंदरांत जमलं. माणसांत, जास्त दिवस थंड ठेवलेल्या प्लेटलेट्सच्या बाबतीत, जमलं नाही. २००८ मध्ये ते त्यांनी स्वच्छ शब्दांत छापलं. तो निबंध वाचताना मला फार आदर वाटला. पाच वर्षं डोक्यावर घेतलेली कल्पना चालली नाही हे सांगायला धीर लागतो. लोक थांबलेले नाहीत. थोडा वेळ थंड, मग थोडा वेळ उबेत, असं आलटूनपालटून करून पाहिलं आहे. प्लाझ्माचा मोठा भाग काढून त्या जागी क्षारांचं द्रावण घातलं तर थंडीत गाठी कमी होतात असं दिसलं आहे. सिनसिनाटीतले संशोधक तर ज्या प्रथिनामुळे प्लेटलेटचा आकार बदलतो त्यालाच साठवणीपुरतं थोपवून धरण्याच्या मागे आहेत, म्हणजे थंडीतही टिकेल आणि देताना अंकुश काढता येईल. ज्या दिवशी हे माणसांत पक्कं होईल त्या दिवशी आमची फळी कायमची थांबेल.

पण माझं मत बदलायला त्या दिवसाची वाट पाहावी लागली नाही. रक्तस्राव चालू असलेल्या माणसाला पाच दिवस टिकणारी प्लेटलेट नको असते. त्याला आत्ता, या तासात, चिकटणारी हवी असते. काटे फुटलेली, अर्धी जागी झालेली थंड प्लेटलेट त्या कामाला उलट तयारीतच असते. नॉर्वेत बर्गनच्या डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर छोटी चाचणी केली आणि ती २०२० मध्ये छापली. त्यात आधी ७ आणि मग १४ दिवसांपर्यंत थंड ठेवलेल्या प्लेटलेट्स वापरल्या. शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव नेहमीच्या प्लेटलेट्स दिलेल्या रुग्णांइतकाच राहिला. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्गदर्शन काढलं: चालू रक्तस्रावासाठी, नेहमीच्या प्लेटलेट्स मिळत नसतील किंवा देणं शक्य नसेल तर, १ ते ६ अंशांत १४ दिवसांपर्यंत ठेवलेल्या एकदात्याच्या प्लेटलेट्स वापरता येतील. हलवायचीही गरज नाही. सैन्यासाठी अशी सूट त्याआधीच, २०१९ मध्ये, दिली होती. दूरच्या छावणीत अ‍ॅजिटेटर आणि पाच दिवसांची पिशवी चालत नाही, म्हणून.

‘दूरच्या छावणीत’ हे वाचलं आणि मला आमचा जिल्हा दिसला. प्लेटलेट आमच्याकडे जिल्ह्याच्या गावी असते. तालुक्याला रक्तसाठवण केंद्र असतं, तिथे लाल पेशींसाठी २ ते ६ अंशांचा फ्रिज असतो, तापमानाची नोंदवही असते, रात्री जागं राहणारं माणूस असतं. अ‍ॅजिटेटर नसतो. तो ठेवूनही उपयोग नाही, कारण पाच दिवसांत तिथे एखादी गरज पडेलच असं नाही आणि पिशवी फुकट जाईल. पंधरा ऑगस्टच्या शिबिरांनंतर आम्ही प्लेटलेटच्या पिशव्या ऑटोक्लेव्ह करून टाकतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत एका पिशवीसाठी चार जिल्ह्यांना फोन करतो. १४ दिवस मिळाले तर यातलं किती बदलेल हे रक्तपेढीत काम करणाऱ्याला सांगायला नको.

ज्यांना थंड प्लेटलेट चालणार नाही त्यांच्याबद्दलही तितक्याच ठामपणे सांगते. ल्युकेमियाचं लेकरू, केमोथेरपीनं ज्याच्या प्लेटलेट्स १० हजारांखाली गेल्या आहेत आणि ज्याला रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीच द्यायच्या आहेत, त्याला फळीवरचीच प्लेटलेट हवी. थंड दिली तर दोन दिवसांनी पुन्हा सुई. म्हणजे दोन प्रकारचे साठे ठेवावे लागतील, आणि छोट्या रक्तपेढीला ते जड जाईल. शिवाय थंड पिशवीत स्वर्लिंग नसतं, म्हणजे उजेडापुढे धरून ठरवण्याची आमची सवय मोडावी लागेल. गाठी नीट पाहाव्या लागतील. अर्धी जागी प्लेटलेट नको तिथे गुठळी करेल का, ही शंका मोठ्या चाचण्यांनीच फिटेल.

आणि एक, जे विषयाला थोडं सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात आमच्या खिडकीवर जी गर्दी होते ती बहुतेक डेंग्यूची. रुग्णाला कुठेही रक्तस्राव नाही, नुसता रिपोर्टवरचा आकडा पाहून घर घाबरलेलं असतं. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स दिल्यानं फायदा झाला नाही, त्रास मात्र वाढला. खिडकीवरच्या बापाला हे समजावणं फार कठीण असतं, मला माहीत आहे. पण त्या पिशव्या तिथे गेल्या नाहीत तर बाळंतपणाच्या खोलीत पोचतात. साठवण सुधारायची ती यासाठीच.

गेल्या दोन बॅचना मी वेगळं शिकवलं. फळ्यावर आधी दोन रुग्ण लिहिले, मग तापमान. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती आता एका मोठ्या रक्तपेढीत आहे, तिला फोन करून सांगितलं की तुला दिलेलं उत्तर चुकीचं होतं. ती म्हणाली, “मॅडम, मला वाटलंच होतं.” त्या भावाला मात्र मी शोधू शकले नाही. रक्तदात्याच्या नोंदीतला त्याचा नंबर केव्हाच बंद झाला आहे. त्याची बहीण त्या रात्री जे हरवून बसली ते त्याच्या हातानं गेलं, असं मी त्याच्या मनात घालून ठेवलं. प्लेटलेट्स मेल्या नव्हत्या. आमच्याकडे त्या तशा वापरायची परवानगी, पद्धत आणि अभ्यास नव्हता, आणि ते त्याच्या चिठ्ठी वाचण्या-न वाचण्याच्या फार पलीकडचं होतं.

आपल्या देशात आजही नियम तोच आहे: २० ते २४ अंश, हलती फळी, ५ दिवस. माझ्या रक्तपेढीत तो काटेकोर पाळला जातो आणि बदलेपर्यंत पाळला जाईल. कुणीही हे वाचून पिशवी फ्रिजमध्ये ठेवू नये. पण ज्यांच्या हातात अभ्यास मंजूर करणं आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. थंड प्लेटलेट्सची चाचणी आपल्याकडे सुरू करा, आणि ती फक्त मुंबई-पुण्याच्या हृदयशस्त्रक्रियेच्या खोल्यांत करू नका. ज्या तालुक्यांत प्लेटलेट पोचायला तीन तास लागतात त्या ठिकाणांना पहिल्या यादीत घ्या. तिथे फ्रिज आहे, नोंदवही आहे, आणि ते चालवणारी माणसं आम्ही शिकवून तयार केलेली आहेत.